रिमोट स्वस्त असला म्हणून काय झाले?

रॉक गार्डन, सुखना तलाव आणि गुलाबांची बाग. चंदिगढला जाऊन आलेली मराठी मंडळी या तिन्हींचे फोटो हटकून दाखवतात. शहराच्या पूर्वेकडच्या अंगाला, झाडांच्या पट्ट्यापलीकडे असलेल्या इंडस्ट्रियल एरियाचा फोटो मात्र कुणी काढत नाही. ल कॉर्बुझिए यांनी शहराचा आराखडा केला तेव्हाच कारखान्यांना वस्तीपासून वेगळे ठेवले होते. तिथे फेज १ आणि फेज २ अशी वसाहत वाढली. पत्र्याच्या शेड, लेथची घरघर, नट-बोल्ट आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग हे तिथले रोजचे जग. २०१३ साली तिथे एलांते हा मोठा मॉल उभा राहिला, तेव्हापासून बाकीचे चंदिगढही तिकडे फिरकू लागले.

या वसाहतीच्या डोक्यावरून विमाने सारखी जात असतात. चंदिगढचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. लेह-लडाखकडे रसद नेणारी एएन-३२ विमाने १९८४ पासून इथे आहेत आणि दोन पंख्यांची अवाढव्य चिनूक हेलिकॉप्टरे २०१९ मध्ये इथेच दाखल झाली. सेक्टर ३० मधल्या सीएसआयओ या सरकारी संस्थेने ‘तेजस’ विमानाच्या वैमानिकासमोरचा हेड-अप डिस्प्ले तयार केला. कल्पना चावला १९८२ साली याच शहरातल्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजमधून विमानशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडल्या. मे २०२३ पासून सेक्टर १८ मध्ये हवाई दलाचे हेरिटेज सेंटरही झाले आहे.

अशा गावात वाढणाऱ्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने घरी येऊन ‘मला खरेखुरे उडणारे विमान बनवायचे आहे’ असे म्हटले, तर नवल ते काय? आणि हे खूळ काही चंदिगढपुरते नाही. पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे, सगळीकडे हीच गोष्ट आहे. फोमची शीट, एक मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी, नऊ-नऊ ग्रॅमचे तीन-चार सर्व्हो, लिथियम पॉलिमर बॅटरी आणि एक रिमोट, एवढ्यात विमान होते. फोम कापायला घरचे कटर पुरते, चिकटवायला हॉट ग्लू. आई-वडिलांचे लक्ष साहजिकच बिलाकडे जाते आणि बिलातली सर्वांत मोठी रक्कम बहुधा रिमोटची असते. मग ठरते, की रिमोट स्वस्तातला घ्यायचा.

तो निर्णय चुकीचा नाही. चूक होते ती पुढे. स्वस्त रिमोट म्हणजे खोक्यातून काढला, सेल घातले आणि उडवले, असे समजण्यात.

कपड्यांच्या चिमट्यांचा जमाना

बिनतारी लहरींनी यंत्र चालवून दाखवण्याचा पहिला मान निकोला टेस्ला यांचा. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी पाण्याच्या टाकीतली छोटी बोट हात न लावता फिरवली, तेव्हा बघणाऱ्यांना ती जादू वाटली. मॉडेल विमानांकडे ही विद्या यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या भावांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस ‘गफ’ नावाचे विमान रेडिओवर उडवले. ते आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पुढे अनेक दशके हा छंद खिसा जड असणाऱ्यांचाच राहिला. आपल्याकडच्या बहुतेक मुलांची मॉडेल विमानाशी पहिली भेट व्हायची ती एनसीसीच्या एअर विंगमध्ये. मुंबई, पुणे, नागपूर इथल्या हवाई तुकड्यांत एरोमॉडेलिंग शिकवले जात आले आहे. त्यातली कंट्रोल-लाइनची विमाने दोन तारांच्या टोकाला बांधलेली असतात आणि उडवणाऱ्याभोवती गोल गोल फिरतात. उडवणाराही सोबत फिरतो आणि पहिल्या दिवशी त्यालाच गरगरते.

रेडिओवाल्यांची अडचण निराळी होती. प्रत्येक सेटमध्ये एका ठरावीक फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल असे. मैदानात दोघांचा क्रिस्टल एकच निघाला आणि दोघांनी सेट चालू केले, की हवेतले विमान गेलेच समजा. म्हणून परदेशातल्या क्लबांत एक फळा लावून त्यावर फ्रिक्वेन्सीच्या आकड्यांचे कपड्यांचे चिमटे अडकवलेले असत. ज्याच्या हातात चिमटा, त्यालाच सेट चालू करण्याची मुभा.

ही कटकट २.४ गिगाहर्ट्झच्या सेटनी संपवली. हे सेट एकाच जागी न थांबता सेकंदात कितीतरी वेळा फ्रिक्वेन्सी बदलतात आणि फक्त आपल्याच रिसीव्हरशी बोलतात. या जोडणीला ‘बाइंडिंग’ म्हणतात. २००५ मध्ये भारत सरकारने कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा परवानामुक्त केला. मग चिनी कंपन्या आल्या आणि भाव कोसळले.

दोन दांड्या, सहा हुकूम

आपल्याकडच्या छंदिष्टांमध्ये आणि कॉलेजच्या पोरांमध्ये वर्षानुवर्षे चाललेला स्वस्त रिमोट म्हणजे फ्लायस्काय कंपनीचा एफएस-आय६. रिसीव्हरसह पाच हजारांच्या आसपास मिळत आलेला हा सहा चॅनेलचा सेट चार पेन्सिल सेलवर चालतो, त्याला छोटा पडदा आहे आणि वीस विमानांच्या सेटिंग त्यात साठवता येतात. त्याच्या आधीच्या सीटी६बीला पडदाच नव्हता. प्रत्येक बारीकसारीक बदलासाठी तो केबलने कॉम्प्युटरला जोडावा लागे. त्या मानाने आय६ म्हणजे चैनच.

चॅनेल म्हणजे एक हुकूम. पहिला चॅनेल पंखांवरच्या एलेरॉनचा, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवण्याचा. दुसरा शेपटीवरच्या एलिव्हेटरचा, नाक वर-खाली करण्याचा. तिसरा थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग. चौथा रडर. पाच आणि सहा जादा कामांसाठी. रिसीव्हर प्रत्येक सर्व्होला सेकंदाला साधारण पन्नास वेळा विजेचा एक ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला की सर्व्हो मधोमध उभा राहतो, एकाचा असला की एका टोकाला, दोनाचा असला की दुसऱ्या. सगळे प्रोग्रॅमिंग म्हणजे दांडी किती हलली असता ठोका किती बदलावा, हे रिमोटला सांगणे. कॉम्प्युटरची भाषा यायला लागत नाही. चार बटणे आणि थोडी चिकाटी पुरते.

आय६वर ‘ओके’ बटण दाबून धरले की मेनू उघडतो. इथेच नवशिक्यांची पहिली फजिती ठरलेली. बदल करून झाला, की ‘कॅन्सल’ बटण दाबून धरायचे, तेव्हा तो साठवला जातो. नुसते टिचकीसारखे दाबले, तर बदल पुसला जातो. साठवायला ‘कॅन्सल’ दाबायचे, ही अक्कल कुणाची कोण जाणे! पण अर्धा तास खपून केलेले सेटिंग दुसऱ्या दिवशी गायब झाले, अशी तक्रार ऐकू आली तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच निघते.

उजवे ते उजवेच हवे

पहिले सेटिंग ‘रिव्हर्स’चे. सर्व्हो कोणत्या बाजूला बसवला यावर तो कुठे वळेल हे ठरते, म्हणून निम्म्या वेळा काहीतरी उलटे निघतेच. उलट निघालेला चॅनेल मेनूत जाऊन पालटायचा, झाले. पण ते उलटे आहे हे ओळखायला आले पाहिजे. प्रोपेलर काढून विमान टेबलावर ठेवावे, त्याची शेपटी आपल्याकडे. दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखावरचा एलेरॉन वर उठला पाहिजे आणि डावा खाली गेला पाहिजे. दांडी आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडर उजवीकडे दिला की त्याची मागची कड उजवीकडे.

पुष्कळांना वाटते, उजवीकडे वळायचे तर उजवा एलेरॉन खाली हवा. तसे नाही. वर उठलेला एलेरॉन त्या पंखाची उचल कमी करतो, तो पंख खाली जातो आणि विमान त्या बाजूला कलते. हे एकदा नीट डोक्यात बसले की मग विसरत नाही. हाताने फेकलेले विमान उलट्या एलेरॉनने दोन सेकंदांत जमिनीवर येते. सावरायला म्हणून दांडी जितकी जास्त हलवावी तितके ते जास्त बिघडते. चार रविवारांची मेहनत त्या दोन सेकंदांत जाते, आणि समोर कुणी उभे असेल तर नुकसान फोमपुरते राहत नाही.

हीच भानगड दुसऱ्या वाटेनेही होते. घरात दोन विमाने झाली, दोघांची सेटिंग रिमोटमध्ये साठवली आणि मैदानात जाऊन घाईत पहिल्याचे नाव निवडून दुसरे उडवले. रिमोट तसे सांगेलच, या भरवशावर राहू नये. प्रत्येक मॉडेलला स्पष्ट नाव द्यावे आणि उडवण्यापूर्वी पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचावे.

‘सबट्रिम’ने सर्व्हो नेमका मध्यावर आणतात. पण आधी सर्व्होचा दांडा आणि तार हाताने जमेल तितकी सरळ बसवावी, उरलेला केसभर फरकच सबट्रिमने काढावा. ‘एंड पॉइंट’ने सर्व्होची धाव आखतात. सर्व्हो टोकाला जाऊन घूं-घूं करत राहिला तर तो अडतो आहे, वीज खातो आहे आणि जळायच्या वाटेवर आहे, असे समजून धाव कमी करावी.

शिकणाऱ्याला खरी मदत होते ती ‘ड्युअल रेट’ आणि ‘एक्स्पो’ यांची. ड्युअल रेट म्हणजे एका स्विचने सगळ्या हालचाली, समजा, साठ-सत्तर टक्क्यांवर आणणे. एक्स्पो म्हणजे दांडी मध्याजवळ असताना विमानाने हळुवार ऐकणे आणि टोकाकडे जाताना पूर्ण. नवख्याचे बोट थरथरते. एक्स्पो असला की ती थरथर विमानापर्यंत पोहोचत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. हळुवारपणासाठी आकडा अधिक द्यायचा की उणे, हे कंपनीगणिक बदलते. फुताबात उणे, स्पेक्ट्रममध्ये अधिक. दुसऱ्याने सांगितलेला आकडा तसाच न भरता पडद्यावरची रेषा पाहावी. मध्याजवळ ती सपाट होत असेल तर बरोबर, उभी होत असेल तर नेमके उलटे झाले.

शेपटी नसलेले त्रिकोणी पंखांचे विमान केले, तर ‘एलेव्हॉन’ मिक्स लागतो. तिथे दोनच पाती एलेरॉनचे आणि एलिव्हेटरचे काम मिळून करतात. मेनूत तो तयार असतो, चालू केला की झाले.

संपर्क तुटला तर?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि हीच बहुतेकांकडून राहून जाते. रिमोट आणि विमान यांचा संपर्क तुटला तर विमानाने काय करायचे? सेल उतरले, अँटेना निसटली, विमान फार दूर गेले, कारण कोणतेही असो, असे कधी ना कधी होतेच. त्या वेळी काय करायचे ते आधी सांगून ठेवण्याच्या सोयीला ‘फेलसेफ’ म्हणतात.

ते सांगून ठेवले नाही, तर काही रिसीव्हर शेवटचा हुकूम तसाच धरून ठेवतात. शेवटचा हुकूम ‘पूर्ण वेग’ असला, तर किलोभर वजनाचे विमान बॅटरी संपेपर्यंत वाट्टेल तिकडे जाईल. त्याच्या नाकावरचा दहा इंची प्रोपेलर मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेत असतो. बोट कापायला तेवढे पुष्कळ झाले. रस्त्यावरच्या स्कूटरवाल्याच्या अंगावर असे विमान आले, तर पुढचे सांगायलाच नको.

आय६वर मेनूच्या सिस्टिम भागात ‘आरएक्स सेटअप’ आणि त्यात ‘फेलसेफ’ असते. तिसरा चॅनेल निवडायचा, तो चालू करायचा, थ्रॉटलची दांडी तळाला ठेवायची आणि ‘कॅन्सल’ दाबून धरून साठवायचे. दोन मिनिटांचे काम. बाकीचे चॅनेल मधोमध किंवा विमान हलके गिरक्या घेत खाली येईल असे, एवढे पुरते.

पण साठवले म्हणजे झाले असे नाही, पारखून घ्यावे. प्रोपेलर काढलेला हवा, हे पुन्हा सांगितलेले बरे. विमान कुणीतरी घट्ट धरावे, थ्रॉटल थोडा वाढवून मोटर फिरवावी आणि सरळ रिमोट बंद करावा. मोटर क्षणात थांबली, तर फेलसेफ ठीक. फिरतच राहिली, तर त्या दिवशी विमान उडवायचे नाही. मुलगा कितीही रडला तरी नाही. ही चाचणी पाहायला आई-वडिलांना रेडिओतले ओ की ठो कळण्याची गरज नाही. मोटर थांबली की नाही, एवढेच पाहायचे आहे.

चालू-बंद करण्याचा क्रमही घरात सगळ्यांना पाठ हवा. चालू करताना आधी रिमोट, मग विमानाची बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी, मग रिमोट. स्विच चुकीच्या जागी किंवा थ्रॉटल वर असेल, तर आय६ सुरू होतानाच इशारा देऊन अडून बसतो. तो इशारा चीड आणतो, पण त्यामागे कुणाची तरी बोटे वाचवण्याचा हेतू आहे. शिवाय थ्रॉटल एका स्विचने तोडून ठेवता येतो. विमान हातात घेताना तो तुटलेलाच असावा.

अँटेनाचेही एक गुपित आहे. रिमोटच्या अँटेनाचे टोक विमानाकडे रोखू नये. टोकाच्या दिशेने लहरी सर्वांत कमी जातात, त्या बाजूने पसरतात. रिसीव्हरला दोन तारा असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात चिकटवाव्यात, म्हणजे विमान कसेही वळले तरी एक तरी तार नीट ऐकते.

बनवायचे इथे, उडवायचे कुठे?

इंडस्ट्रियल एरियात विमान तयार होण्यासारखे सगळे काही असेल, पण ते तिथे उडवता येणार नाही. धावपट्टी काही किलोमीटरवर, तीही हवाई दलाची. तिथल्या एखाद्या शेडच्या गच्चीवरून ‘जरा शंभर फूट वर नेऊन पाहू’ म्हणणे हा पोरखेळ नव्हे.

२०२१च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांचाही विचार आहे. अडीचशे ग्रॅमपर्यंतचे ‘नॅनो’ आणि दोन किलोपर्यंतचे ‘मायक्रो’ विमान धंद्यासाठी न वापरता उडवायचे, तर वैमानिकाचा परवाना लागत नाही. छंदासाठी किंवा शिक्षणासाठी, डोळ्यांपुढेच उडवल्या जाणाऱ्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेटही लागत नाही. पण परवान्यातली ही सूट आकाशाच्या हद्दीला लागू नाही. मोकळ्या हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांची मर्यादा आहे. विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ती दोनशे फुटांवर येते. त्याहून जवळ हवाई वाहतूक नियंत्रकांच्या परवानगीचा प्रश्न येतो आणि लष्करी ठिकाणांची गोष्ट आणखी कडक. केंद्र सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर आपले मैदान कोणत्या रंगात येते, ते घरी बसून पाहता येते. नोंदणीचे नियम बदलत राहतात, तेही तपासावेत.

हे चंदिगढचे झाले, पण पुण्यात लोहगाव आहे, नाशिकला ओझर आहे, नागपूरला सोनेगाव आहे. मुंबईकरांचे तर विचारूच नका. शहराबाहेरचे मोकळे रान, शेतमालकाची परवानगी आणि जवळपास रस्ता, विजेच्या तारा, गुरे काही नाही, अशी जागा शोधण्यात एक रविवार गेला तरी तो वाया गेला असे मानू नये. कॉलेजच्या किंवा गावातल्या एरोमॉडेलिंग क्लबची ओळख निघाली, तर हे काम सोपे होते. पहिली काही उड्डाणे जाणत्याच्या हातूनच व्हावीत.

तोवर सराव घरी करता येतो. आय६ केबलने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर उडवता येतो. पिकासिमसारखा सिम्युलेटर फुकट मिळतो. विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे उलटे वाटते. नवख्याची बहुतेक विमाने याच घोटाळ्यात पडतात. पडद्यावर ती पन्नास वेळा पडू द्यावीत, तिथे फोम लागत नाही. सरावाच्या पंधरा-वीस तासांनंतर बोटे आपोआप बरोबर वळू लागतात.

आणि त्या बॅटरीकडे घरातल्या मोठ्यांनी स्वतः लक्ष द्यावे. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ११.१ व्होल्टची असते. पूर्ण भरली की प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर येतो, त्यापुढे चार्ज केली तर ती पेटू शकते. तिच्यासाठीचाच बॅलन्स चार्जर वापरावा, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवून, समोर बसून चार्ज करावी. रात्री लावून झोपू नये. फुगलेली किंवा विमान आपटल्याने चेमटलेली बॅटरी ‘अजून चालते आहे’ म्हणून परत विमानात घालू नये. महिनाभर उडवायचे नसेल, तर ती पूर्ण भरून न ठेवता सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी, आणि पडद्यांपासून, गादीपासून, स्वयंपाकघरातल्या सिलिंडरपासून लांब.